बाळ गार पडलंय

मी एक जुनी पिशवी आहे, मित्रांनो, पण भाजीची नव्हे. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण नुसतं 'पिशवी' म्हटलं की लोकांना कोथिंबीर आठवते. मी गरम पाण्याची, लाल रबराची पिशवी. पोट सपाट, गळा आखूड आणि डोक्यावर फिरकीचं बूच. उन्हाळ्यात मला कुत्रंही विचारत नाही. थंडी पडली की मात्र माझा भाव असा वधारतो की काही विचारू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रबराचे दोन तुकडे साच्यात घालून वाफेवर शिजवले आणि झाले मी. मग माझ्यात हवा भरून मला पाण्यात बुडवलं, कुठून बुडबुडे येतात का ते पाहायला. माझ्या शेजारची बहीण तिथेच नापास झाली. मी पास झाले आणि औषधांच्या दुकानात कुबड्यांच्या शेजारी येऊन बसले. तिथून एका आजोबांनी मला आपल्या गुडघ्यासाठी घरी आणलं.

आजोबांची सून शिवणकाम करते. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणते, म्हणून मीही म्हणते. वहिनींनी मला उघडीनागडी कधी ठेवलं नाही. दर थंडीत उरल्यासुरल्या कापडाचं नवं झबलं माझ्या अंगावर चढायचं. एका वर्षी शाळेच्या गणवेशाच्या चौकड्या, एका वर्षी कुणाच्या तरी पडद्याची मोठाली फुलं. फुलांच्या वर्षी मी जरा तोऱ्यातच होते, ते कबूल करते.

थंडीचे ते दिवस म्हणजे नुसती धमाल. सकाळी आजोबांचा गुडघा. मग वहिनींची बोटं, कारण कात्री बर्फासारखी गार झालेली असायची. दुपारी समोरच्या सायकलवाल्या काकांची कंबर. ते दिवसभर उकिडवे बसून पंक्चर काढायचे आणि उठताना कमरेतून आवाज यायचा. संध्याकाळी तळमजल्यावरच्या नर्सबाईंचे पाय. मी या दारातून त्या दारात जायचे आणि आजोबा गॅलरीतून ओरडायचे, "अरे, माझा गुडघा आता कुणाच्या घरी आहे?"

पण वय कुणाला चुकलंय? माझ्या गळ्यापाशी बारीक चिरा पडल्या. या थंडीत वहिनींनी शेकण्यासाठी विजेची गादी आणली. बटण दाबलं की गरम, पाण्याची कटकट नाही. मला न्हाणीघराच्या दारामागच्या खिळ्यावर टांगलं. गरज सरो नि वैद्य मरो! मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. बाहेर कडाक्याची थंडी पडली होती आणि मी कोरडी ठणठणीत लटकत होते.

आणि मग तो दिवस उगवला. सकाळचे दहा वाजत आले तरी खिडक्यांच्या काचा धुक्याने पांढऱ्या होत्या. वहिनी मशीनवर बसल्या होत्या, सुई दातांत धरलेली. तेवढ्यात फोन वाजला. रस्त्यापलीकडच्या बेकरीवाल्यांचा होता. त्यांची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, तिला मुलगी झाली होती, आणि आता दोन महिन्यांनी ती आज परतणार होती. हे सगळ्या गल्लीला तोंडपाठ होतं.

"वहिनी, बाळ गार पडलंय," बेकरीवाल्यांचा आवाज कापत होता. "काही हालचालच नाही. तुमची ती रबराची पिशवी घेऊन या. लवकर या हो." आणि फोन बंद झाला.

वहिनींच्या दातांतली सुई खाली पडली. आंघोळीसाठी तापवलेलं पाणी त्यांनी माझ्या पोटात ओतलं, बूच आवळलं आणि मला छातीशी धरून जिना उतरू लागल्या. किती दिवसांनी माझ्या अंगात ऊब आली! खरं सांगू, बाळाची काळजी वाटत होती, पण आनंदही होत होता. गादीला तार, तारेला प्लग, ती काय धावणार?

"बाळ गार पडलंय!" वहिनी जिन्यातून ओरडल्या. नर्सबाई थर्मामीटर घेऊन निघाल्या. सायकलवाल्या काकांनी हातातलं चाक तिथेच टाकलं. आजोबा कानटोपी घालून, गुडघा विसरून रस्ता ओलांडताना मी स्वतः पाहिले. कुणी घोंगडी आणली, कुणी दुलई. अख्खी गल्ली बेकरीत घुसली.

आत बेकरीवाले जमिनीवर बसले होते. मांडीवर शालीत गुंडाळलेली चिनी मातीची एक मोठी बरणी होती.

"बाळ कुठंय?" वहिनींनी विचारलं.

"हे काय," ते म्हणाले आणि त्यांनी बरणीवरचं फडकं बाजूला केलं. आत करड्या रंगाचं, पातळ, निपचित पीठ होतं.

मित्रांनो, ते खमीर होतं. पावाचं पीठ फुगवायला त्यात जे आंबवलेलं पीठ घालतात, ते. त्याला रोज मूठभर पीठ आणि घोटभर पाणी देऊन वाढवायचं असतं. बेकरीवालीने ते लग्नात माहेराहून आणलं होतं आणि घरात नवराबायको त्याला 'बाळ' म्हणायचे. हे गल्लीत कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.



"मी हात धुवायलासुद्धा थांबलो नाही," सायकलवाले काका आपल्या काळ्या बोटांकडे पाहत म्हणाले.

"आणि माझी पिशवी आता पिठाला शेकणार?" आजोबा कडाडले.

वहिनींनाही संताप आला होता, मला त्यांच्या हातावरून कळत होतं. पण बेकरीवाल्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. एवढा धिप्पाड माणूस, मैद्याची पोती एकट्याने उचलणारा. "जाताना तिने एकच सांगितलं होतं, बाळाकडे बघा," ते म्हणाले. "भट्टी दुरुस्तीला काढली, गवंड्याच्या मागे धावता धावता चार दिवस मी याला खायलाच घातलं नाही. भट्टी बंद म्हणून खोलीही गार. त्यात काल खिडकी उघडी राहिली. चुलीवर ठेवलं तर शिजून जाईल. ती चार वाजता येतेय हो, तिला काय दाखवू?"

वहिनींचा राग तिथेच विरला. "आधी खाऊ घाला त्याला," त्या म्हणाल्या. कोमट पाणी आलं, पीठ आलं. नर्सबाईंनी सवयीने बरणीत थर्मामीटर खुपसला. पारा हलला नाही तेव्हा कुठे त्यांना आपण काय करतोय ते कळलं. मग वहिनींनी मला बरणीभोवती गुंडाळलं आणि वरून घोंगडी घातली.

मी जीव ओतून शेकत होते. एक तास गेला, दुसरा गेला. आतून काही म्हणजे काही नाही. माझं पाणी निवत चाललं. वहिनी मशीन बंद करायला घरी गेल्या, आणि उतावळ्या बेकरीवाल्यांनी तेवढ्यात चुलीवरचं उकळतं पाणी माझ्यात ओतलं. आई गं! गळ्याजवळची एक चीर फाटली आणि पाण्याची धार लागली. बरणीत गेली असती तर सगळं संपलं असतं. पण सायकलवाल्या काकांनी झडप घालून मला उचललं.

"द्या इकडे, रबर आहे, माझ्या हातातलं काम आहे," म्हणत ते मला घेऊन दुकानात धावले. मला रिकामं केलं, पुसलं, घासलं. सोल्युशन लावून त्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ दाबलं आणि अंगठ्याने धरून बसले. तोवर वहिनी परत आल्या होत्या. त्यांनी बरणी पदराखाली, पोटाशी धरली होती. जणू खरंच बाळ.

"आता कोमटच भरा," काका परत येऊन म्हणाले. "उकळतं घातलंत तर माझं ठिगळ आणि तुमचं बाळ, दोन्ही जाईल."

तीन वाजून गेले. माझं पोट बरणीला टेकलेलं होतं, म्हणून सगळ्यांच्या आधी मला कळलं. आत 'पुट्' झालं. मला वाटलं भास झाला. पुन्हा 'पुट्'. आजोबांनी कानटोपी वर करून बरणीला कान लावला आणि हाताने सगळ्यांना गप्प बसवलं. "बोलतंय," ते हळूच म्हणाले. मग बुडबुड्यांमागून बुडबुडे आले. चारच्या सुमाराला पिठाने फडकं वर उचललं होतं आणि गल्ली टाळ्या वाजवत होती.

तेवढ्यात बेकरीवाली दारात आली, मुलीला घेऊन. एवढी माणसं पाहून तिला वाटलं, लेकीला बघायला जमली आहेत. ती हसली. बेकरीवाल्यांना गप्प राहता आलं असतं. पण ते पुढे झाले आणि म्हणाले, "मी बाळाला विसरलो होतो. या सगळ्यांनी वाचवलं."

तिने मुलीला वहिनींच्या हातात दिलं. बरणीवर वाकून वास घेतला आणि तिथेच पोत्यावर बसली.

"आईकडचं खमीर या थंडीत गेलं," ती म्हणाली. "दोन महिने रोज हळहळत होती. तिच्या आईच्या हातचं होतं ना. मी म्हटलं, रडू नकोस, माझ्याकडे आहे, घरी गेल्या गेल्या पाठवते."

"म्हणजे हे एकच उरलंय?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

"एकच."

तिने नवऱ्याला एका शब्दाने दुखावलं नाही. उठली आणि काचेच्या तीन बाटल्या धुऊन आणल्या. पहिली आईसाठी भरली. दुसरी वहिनींसमोर धरली.

"अगं, मला पाव कुठे करता येतो?" वहिनी म्हणाल्या.

"करू नका. नुसतं जगवा. एकाच घरात ठेवलं तर एका रात्रीत जातं, पाहिलंत ना."

तिसरी बाटली सायकलवाल्या काकांनी न सांगता पुढे येऊन घेतली, या खेपेला हात धुऊन.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर एवढं करा. तिच्यात उकळतं पाणी ओतू नका. काम झालं की तिला रिकामी करून, बूच काढून उलटी टांगा. आणि शेजारून कुणी मागायला आलं, तर आधी देऊन टाका, कशासाठी ते मागाहून विचारा. वहिनींनी त्या सकाळी फोनवर 'कुणाचं बाळ, कसलं बाळ' असं विचारलं असतं, तर आज चार घरांत जे फुगतंय ते एकाही घरात नसतं.