जरा मोठ्यानं बोला

खणकन चमचा पडला आणि अख्ख्या घरानं श्वास रोखून धरला. शालिकरामांचा पेपरची घडी घालणारा हात तसाच थांबला. त्यांच्या बायकोनं, प्रेमिलाबाईंनी, चमच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं मुद्दामच उडी मारली होती. त्यांची सून कामिनी हिनं तो हळूच उचलला आणि बंद दाराकडे पाहिलं. दारामागे तिचा धाकटा दीर होता, अंकुश. कालपासून त्यानं गोळी घेतली नव्हती आणि आज दवाखान्याची तारीख. मागच्या वेळी गोळ्या सुटल्या तेव्हा तो घरातून निघून गेला होता. तलावाच्या काठी सापडला तोवर सगळ्यांच्या जिवाचं पाणी झालं होतं.

एरवी नागपूरच्या सक्करदऱ्यातलं हे घर म्हणजे भरलेला बाजारच. इथं मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन यायची, इतकी वरची पट्टी! पण अंकुशला कुणालाच न ऐकू येणारे आवाज ऐकू येऊ लागले, उपचार सुरू झाले आणि गेल्या खेपेला दवाखान्यातल्या समुपदेशक चारुशीला मॅडमनी सगळ्या घरालाच समोर बसवलं. त्याच्यावर ओरडू नका, टोमणे मारू नका, घरात शांतता असू द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी येऊन शांतता अशी काही पाळली की टीव्हीसुद्धा मुका झाला. 'भेंडी आणा' हेही सासूबाई सासऱ्यांच्या कानात सांगू लागल्या.

"काय शिजवून राहिले तुम्ही लोक?" आतून अंकुश ओरडला. "माह्याबद्दलच कुजबुजून राहिले ना? मी नाही येत कुठं!"

"काही नाही गा बाबू," सासूबाई कुजबुजल्या.

कामिनीनं कपाळावर हात मारला आणि अंगणात जाऊन मॅडमना फोन लावला. सगळं ऐकून मॅडम आधी हसल्याच. "अहो, त्याला टोचून बोलू नका म्हटलं मी. तोंडाला कुलूप लावा असं कुठं म्हटलं? त्याला घर ओळखीचं वाटू द्या. आणि त्याच्यापासून काही लपवू नका."

ती आत आली तेव्हा सासूबाई भात वाढत होत्या. तांदूळ त्यांच्या माहेरचा, कुहीचा. त्याला नाव ठेवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. कामिनीनं पदर खोचला.

"आत्याबाई, हा भात आहे का पोस्टर चिकटवायची खळ?"

सासूबाईंचा हात हवेतच राहिला. डोळे दाराकडे गेले, मग सुनेकडे. आणि धरण फुटलं. "काय म्हणालीस वं? कोराडीच्या वीजघराच्या राखेत वाढलेलीले तांदळाची काय पारख!"

"तांदूळ चांगलाच आहे. त्यात तलावभर पाणी कोणी ओतलं?"

"अन् तुह्या वरणात डाळ शोधाले दुर्बीण लागते, ते?"

"अवं, मले पेपर वाचू देता का दोघी!" शालिकराम गरजले आणि स्वतःच दचकले.

कडी वाजली. दाढी वाढलेला अंकुश दारात उभा होता. "वहिनी, भात मऊच बरा असते," म्हणत तो पाटावर बसला. मग मान खाली घालून म्हणाला, "मघापासून कुजबूज काय चालू होती?"

शालिकरामांनी पेपर बाजूला ठेवला. "तुह्याबद्दलच बोलून राहिलो होतो गा. तू दवाखान्यात येशील का नाही, याची भीती वाटून राहिली. बस, एवढंच."

"मंग जोरानं सांगा ना. मी इथंच तं आहो."

त्यानं भात कालवला. कामिनीनं गोळीचं पाकीट उघडपणे, नाव दिसेल असं, त्याच्या ताटाशी ठेवलं. त्यानं ते बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं आणि गोळी गिळली.

"येतो. पण वहिनींसंग. बाबा गाडी चालवताना अख्ख्या नागपूरले शिव्या देतात. अन् आत जायचं का नाही, ते तिथं पाहू."

"पाहू," कामिनी म्हणाली. तेवढंही पुष्कळ होतं.

ती चपला घालत असताना तिची लेक पिंकी दारात येऊन उभी राहिली. केजीत असली तरी तिच्या कानांतून काही सुटत नसे.

"काकाचे आवाज घालवाले चालले?"

"हो."

"सगळेच जातीन?"

"हळूहळू जातील, असं डॉक्टर म्हणतात."

पिंकीनं जरा विचार केला. "आई, ते रोज काकाशी बोलतात ना? ते गेले तं काकाले करमन काय?"