पहिली रांग

त्याने फोन आणि संगणक जोडणाऱ्या नेटवर्क स्विचच्या यादीतून आपल्याच संगणकाचं नाव खोडलं, बदल जतन केला आणि जिना चढून रुग्णालयाच्या मदतकक्षाच्या दाराशी येऊन उभा राहिला. इतकी वर्षं इथले फोन घेणाऱ्या ताईंच्या खुर्चीत आजपासून बसलेली मुलगी फोनवर कुणाचा तरी पत्ता लिहून घेत होती. एकदाही तिने "काय म्हणालात?" असं विचारलं नाही.

कोणती माहिती आधी सोडायची आणि कोणती थांबवायची, हे स्विचला तोच शिकवायचा. चौकातल्या हवालदाराचंच काम. फोनवरचे आवाज सगळ्यांत पुढे, कारण बोलणं अर्ध्यात थांबवून चालत नाही. मग तपासण्यांचे अहवाल, बाकीचं मागून. पण परदेशात शिकणाऱ्या लेकीचा चेहरा दुपारच्या व्हिडिओ कॉलवर सारखा गोठायचा, म्हणून त्याने आपलं घोडं पुढे दामटलं, थेट फोनच्या रांगेत. त्या अरुंद रांगेत एवढं मोठं चित्र घुसल्यावर शब्द चेंगरणारच. लेक मात्र छान दिसायला लागली.

दुपारची पाळी ताईंची. त्यांना माणसांचं बोलणं तुटक ऐकू यायला लागलं. एका आजारी बाईंचा पत्ता चुकीचा लिहिला गेला आणि रुग्णवाहिका भलत्याच गल्लीत शिरली. बाई वाचल्या, पण बोलणी ताईंना बसली. कानाच्या तपासणीत काही निघालं नाही, तरी वय झालं म्हणत त्या आपणहून तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत गेल्या. हा किस्सा त्याला आज जेवताना कुणीतरी हसत हसत सांगितला, आणि तो ताट तसंच टाकून उठला.

कक्षप्रमुख बाहेर आले.

"बघितलंत? लाइन ठणठणीत आहे. कानच गेले होते बिचारीचे."

तो "हं" म्हणाला. चूक दुरुस्त करून त्याने ताईंच्या विरुद्धचा पुरावा तेवढा पक्का केला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोरही चोरानेच आवळलेला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तळघरात शिपाई ताईंशी हातवारे करत, ओरडून बोलत होता. ताई त्याच्या ओठांकडे बघत निमूट मान डोलवत होत्या. शिपाई जाईपर्यंत तो दाराआड थांबला.

मग त्याने सगळं सांगितलं. स्विच, रांग, लेक, सगळं. पण कपाटाकडे बघत, जवळजवळ पुटपुटत. डोक्यावर पंखा घरघरत होता. आपण सांगितलं असं तर व्हावं, पण त्यांना ऐकू जाऊ नये, असं त्याला मनातून वाटत होतं. ते लक्षात आलं तशी त्याची मान आणखी खाली गेली.

ताईंनी हातातली फाइल बांधून कपाटात ठेवली, कपाट लावलं.

"मुलगी बरी आहे ना तिकडे?"

त्याने मान हलवली. वर बघायची हिंमत झाली नाही.

"मग चला वर, साहेबांकडे," पदर खोचत त्या म्हणाल्या. "आणि तिथे एवढं हळू बोलू नका. त्यांना ऐकू जायचं नाही."