आठवा ठोका

मित्रांनो, मी बाभळीची थापी. वय झालं आहे, एका कडेला चीर गेली आहे, आणि माझी मूठ एकाच बाईच्या हातानं झिजलेली आहे.

थापी म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. तुमच्या घरांवर सिमेंटचा स्लॅब पडतो, यंत्र घरघरतं आणि काम आटोपतं. आमच्या काळी गच्चीवर चुना आणि विटांचा चुरा पसरत, त्यावर गुळाचं आणि बेलफळाचं पाणी शिंपडत, आणि बाया ओळीनं बसून माझ्यासारख्या लाकडी थाप्यांनी तो थर चार-चार दिवस बडवत. त्याला कोबा म्हणतात. नीट बडवलेल्या कोब्यातून वर्षानुवर्षं पाण्याचा थेंब झिरपत नाही.

माझा आवाज मोठा आहे, हे मी कबूल करते. आम्ही वर बडवत असताना खाली घरात बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय होत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो मला एका म्हाताऱ्या माणसानं करायला लावला. त्या माणसाचं पुढे काय झालं, तेच आज सांगायचं आहे.

पारशिवनीकडे एका शेताच्या बांधावर मी झाड म्हणून उभी होते. नत्थू सुतारानं मला तासलं, घासलं आणि जमिनीवर एकदा आपटून पाहिलं. "बोलते चांगली," तो म्हणाला. मग मी इतवारीच्या बाजारात आले आणि तिथून जयवंताच्या हाती पडले. जयवंता कोबा बडवणाऱ्या बायांची पुढारीण होती. तिच्यासोबत सहा जणी असत. सातही थाप्या एकामागून एक पडत, आणि मग एका ठोक्याएवढी जागा मोकळी राही. त्या जागेत बाया श्वास घेत. सात ठोके आणि एक श्वास, असा आमचा ताल होता. नागपुरात नाव होतं हो आमचं!

पण घरमालकांचं आणि आमचं कधी जमलं नाही. "ए बायांनो, बंद करा ते!" असं ते खालून ओरडत. आमचा ठेकेदार चंपतराव छत्री उघडून सावलीत उभा राही आणि म्हणे, "तुमी चालू द्या, मालकाचं काय ऐकता?" मग बाया मुद्दाम जोरात हाणत. मीही जोरात वाजे. मला त्यात मजा वाटायची, खोटं कशाला सांगू?

एकोणीसशे अडुसष्टच्या फाल्गुनात नागपूरच्या महाल भागातल्या एका घराची गच्ची आमच्याकडे आली. घर मधुसूदन मास्तरांचं. सत्तरीतले, सडसडीत, कानांवर पांढरे केस. ते घरी बसून बाजाच्या पेट्या दुरुस्त करत आणि सुरात लावून देत. पेटीतली पितळेची बारीक पट्टी कानशीनं कणभर घासायची, वाजवून ऐकायची, पुन्हा घासायची. त्यांची खोली नेमकी गच्चीच्या खाली होती.

पहिल्या दिवशी आम्ही सुरुवात केली आणि थोड्याच वेळात मास्तर जिना चढून वर आले. आता शिव्या बसणार, असं वाटून बायांनी माना खाली घातल्या. मास्तरांनी चपला कोब्याच्या बाहेर काढल्या आणि हात जोडले.

"जयवंताबाई, तुमचं काम थांबलं तर चुना वाळते, हे मले समजते. पण माझं काम कानाचं आहे. काही तरी मधला रस्ता काढा न."

तिला 'बाई' म्हणणारा घरमालक तिनं पहिल्यांदाच पाहिला होता. ती उठून उभी राहिली.

"काढू न, मास्तर. तुमी सूर ऐकून राहिले असान तवा आमी पानी शिंपतो, चुना चाळतो. पन आमाले वर कळन कसं?"

मग दोघांनी मिळून ठरवलं. काम सुरू करण्याआधी जयवंतानं माझ्यानं दोन हलके ठोके द्यायचे. मास्तरांनी वेळूच्या काठीनं खालून छताला दोन ठोके दिले की सुरू करायचं, तीन दिले की थांबायचं.

"तुमचा ठोका आल्याबिगर माही थापी उचलनार नाही," जयवंता म्हणाली. "जबान देली."

तेव्हापासून सगळं कसं सुरळीत झालं. मास्तरांची मुलगी वच्छला शाळेत शिकवायला जाई. जाण्याआधी ती घरातल्याच माठातलं थंड पाणी स्वतः वर आणून देई. बाया हळू आवाजात बोलू लागल्या. खालून पेटीचा एकच सूर पुन्हा पुन्हा येई, आणि आम्ही सातही जणी गप्प पडून तो ऐकत राहू.

तिसऱ्या दिवशी एक चमत्कारिक गोष्ट घडली. सात ठोके पडले, आणि बाया जिथं श्वास घेत त्या मोकळ्या जागेत आणखी एक ठोका आला. पुन्हा सात पडले. पुन्हा आठवा आला.

सगळ्यांत म्हाताऱ्या प्रयागबाईचा हात वरच राहिला. "सातच थाप्या हायेत वं. हा आठवा कोनाचा?"

भर उन्हात बाया एकमेकींना खेटून बसल्या. जयवंतानं वाकून कोब्याला कान लावला, आणि मग ती खो खो हसत सुटली. "मास्तर ताल धरून राहिले वं खालून, काठीनं!"

त्या दुपारी आम्ही कधी नव्हे इतक्या आनंदानं वाजलो. तो आठवा ठोका बरोबर जागेवर पडे, केसाएवढाही इकडेतिकडे नाही. आयुष्यभर सूर-तालात राहिलेल्या माणसाचा हात होता तो.

चौथा दिवस शेवटचा होता. वरचा थर टाकून झाला होता, ऊन कडक होतं, आणि चंपतरावाला दुसऱ्या दिवशी इतवारीतलं काम धरायचं होतं. दोन वाजता जयवंतानं माझ्यानं दोन ठोके दिले. खालून उत्तर आलं नाही. तिनं थोडं थांबून पुन्हा दिले. तरी उत्तर नाही. पेटीचा सूरही नव्हता.

"झोपले असन," प्रयागबाई म्हणाली.

"मास्तर दुपारचे झोपत नाही. मी खाली जाऊन पाहून येते."

चंपतराव जिन्याच्या तोंडाशी आडवा आला. "तू काहून जातं? चुना वाळून राहिला इथं. कोब्याले तडा गेला तं नाव तुहंच खराब होईन. थांब, मीच पाहतो."

तो छत्री घेऊन जिन्यात शिरला. मी कोब्यावर पडलेली होते, म्हणून मला त्याची पावलं ऐकू येत होती. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या पायरीवर तो थांबला. घरात उतरायला अठरा पायऱ्या होत्या.

मग दोन ठोके आले.

मित्रांनो, तो वेळूचा आवाज नव्हता. तो छत्रीच्या लोखंडी टोकाचा आवाज होता, आणि तो मास्तरांच्या खोलीकडून नाही, जिन्याकडून आला होता. लाकडाला लाकडाचा आवाज कळतो. मला कळलं, पण मला जीभ नव्हती.

चंपतराव वर येऊन म्हणाला, "घ्या, देला ना मास्तरनं ठोका! आता तं उचला."

जयवंतानं मला उचललं.

सात ठोके, श्वास. सात ठोके, श्वास. असं बराच वेळ चाललं. आणि मग आठवा ठोका आला. बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. पण तो ठोका दबका होता आणि जागा सोडून पडला होता. पुढचा पाचव्या थापीवर आला. मग बराच वेळ काही नाही. मग दोन लागोपाठ आले. तिसरा आला नाही.

"मास्तरचा ताल चुकून राहिला आज," एक जण म्हणाली.

जयवंतानं मला मध्येच थांबवलं. "मास्तरचा ताल चुकत नाही वं."

"आता काय झालं?" चंपतराव ओरडला. "त्यानं ठोका देला का नाही? तुह्याच कानानं ऐकला ना?"

तिनं ऐकला होता. ती पुन्हा बडवू लागली, आणि मी पडत राहिले. खालून दोन ठोके येत आणि तिसऱ्याच्या जागी मी पडे. मला थांबता येत नव्हतं. हळूहळू ते ठोके लांबले, बारीक झाले आणि बंद पडले. साडेपाच वाजता कोबा पुरा झाला. आरशासारखा झाला होता.

आम्ही हत्यारं गोळा करत असतानाच वच्छला शाळेतून आली. खालून तिची किंकाळी ऐकू आली.

मास्तर भिंतीशी कुशीवर पडले होते. काठी हातात होती. जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीच्या चुन्याला काठीच्या टोकाचे बारीक गोल खळगे पडले होते. डॉक्टर म्हणाले, "दोनच्या सुमारास पडले असतील, पण चारपर्यंत जीव होता. कोणी आलं असतं तर…"

वच्छलानं एवढंच विचारलं, "बाबांनी सुरू करा म्हणून ठोका दिला होता का?"

"देला होता, बाई," जयवंता रडत म्हणाली. "दोन देले होते."

जमिनीवर पडलेल्या माणसानं छताला काठी लावली कशी? हा प्रश्न साऱ्या गल्लीत फिरला. लोक म्हणाले, मास्तरांच्या आत्म्यानं बायांचं काम अडू दिलं नाही. चंपतराव हे सारं ऐकत उभा होता. त्यानं छत्री काखेत घट्ट धरली होती.

त्यानंतर आम्ही जिथं जिथं गेलो, तिथं आठवा ठोका आमच्यामागं आला. सदरमध्ये असो की धर्मपेठेत, खाली माणूस असो की रिकामं घर असो, कामाच्या मध्येच तो येई. दबका, जागा सोडून. दोन, आणि तिसरा नाही. दोन बायांनी भिऊन काम सोडलं. जयवंता मात्र थांबून ऐकून घेई. प्रत्येक घरी ती आधी दोन ठोके देई, आणि उत्तर नाही आलं तर स्वतः जिना उतरून जाई. कोणाचं ऐकत नसे.

अकरा वर्षं अशीच गेली. चंपतरावानं स्वतःचं घर बांधलं. तोवर शहरभर सिमेंटचे स्लॅब पडू लागले होते, पण त्यानं जयवंताला बोलावणं पाठवलं. म्हणाला, कोबा तुझ्याच हातचा पाहिजे.

सकाळी चुना पसरून झाला. तिनं माझ्यानं दोन ठोके दिले. उत्तर आलं नाही. मला हातात घेऊन ती खाली उतरली. चंपतराव पलंगावर दोन्ही कान दाबून बसला होता.

"बंद करा वं ते! मघापासून ठोकून राहिल्या!"

"आमी अजून सुरूच नाही केलं, ठेकेदार."

"मंग कोन ठोकून राहिलं?"

आणि समोरच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन ठोके वाजले. जयवंतानं ऐकले. मीही ऐकले. तिसऱ्याची वाट पाहत आम्ही तिघंही तसेच राहिलो.

मग चंपतराव बोलू लागला. "तो ठोका माहा होता, जयवंता. छत्रीचा. म्हटलं, कोन उतरते एवढ्या पायऱ्या! म्हातारा झोपलाच असन. मले काय माहीत गा…"

जयवंता म्हणाली, "अकरा वर्सं मी समजून राहिली का मास्तरनं मले परवानगी देली."

कोपऱ्यात ती जुनी छत्री टेकवलेली होती. जयवंतानं ती उचलून त्याच्या हातात दिली.

"मी वर जाते. दोन ठोके देते. तुमी खालून जवाब द्या. तुमचा जवाब आल्याबिगर माही थापी उचलनार नाही."

ती वर आली आणि तिनं ठोके दिले. बाया ओळीनं बसून राहिल्या. ऊन डोक्यावर आलं, मग कललं. चुना वाळू लागला. तिनं आणखी दोनदा विचारलं. खालून उत्तर आलं नाही. चंपतरावाचा हात काही वर उठला नाही. सूर्य बुडाला तेव्हा जयवंतानं मला पिशवीत घातलं आणि बायांना घेऊन ती घरी निघून गेली. ती गच्ची तशीच कच्ची राहिली. दर पावसाळ्यात त्याच्या खोलीत पाणी गळतं म्हणतात. दोन थेंब पडतात, आणि मग बराच वेळ काही नाही.

जयवंतानं पुन्हा कोबा बडवला नाही. ती मला घेऊन वच्छलाकडे गेली आणि तिला सगळं खरं सांगितलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. तेव्हापासून मी मास्तरांच्या खोलीत, त्यांच्या पेटीशेजारी, त्यांच्या काठीला टेकून आहे. मित्रांनो, तुम्ही इथं वच्छलाताईंकडे पेटी शिकायला येता आणि मला उचलून एकमेकांना मारायला धावता, म्हणून एवढं बोलले.

घरी बसून काम करणाऱ्यांनो, तुमच्या दारी राबायला आलेल्या माणसाला नावानं हाक मारा, आणि हवं ते गोड बोलून मागा. तो देतो. आणि मोठ्या आवाजाचं काम करणाऱ्यांनो, हत्यार उचलण्याआधी विचारा. विचारून उत्तर आलं नाही, तर त्याला होकार समजू नका, आणि दुसऱ्याचा होकार स्वतःच वाजवू नका. हातातलं खाली ठेवा, खाली उतरा आणि दार उघडून बघा.

अठराच पायऱ्या होत्या.