दोघींचा एकच आवाज

थोरली काचेच्या अलीकडे बसली होती, धाकटी पलीकडे. रेकॉर्डिंग स्टुडिओची ती काच दुहेरी होती. अलीकडून पलीकडे बोलायचं तर टेबलावरचं लाल बटण दाबून धरावं लागे, बोट उचललं की संबंध संपला. थोरलीला ही व्यवस्था पसंत होती.

तिची महिला संघटना कॉलेजातल्या मुलींसाठी लैंगिक शिक्षणाची चित्रफीत काढत होती. पाळी, संमती, गर्भनिरोधन, आजार, या सगळ्या भागांचं रेकॉर्डिंग उरकलं होतं. शेवटचा भाग राहिला होता, ‘इच्छा’. आवाज धाकटीचा होता, पण थोरलीने तो मागवला नव्हता. स्टुडिओने नावं न घालता आवाजाचे नमुने पाठवले. समितीने ते ऐकले आणि एकमताने एक निवडला. "अगदी तुमच्यासारखा आहे हो," समितीतली एक जण कौतुकाने म्हणाली. थोरलीने पहिल्या शब्दालाच ओळखला होता. नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं, म्हणून ती गप्प बसली.

दोघींचा आवाज लहानपणापासून एक होता. आई फोनवर आधी "कोणती गं तू?" विचारायची. फरक फक्त थोरलीच्या मुलीला कळायचा. पाळण्यात असताना मावशीने अंधारात कितीही लाडाने हाक मारली, तरी ती आईसाठी भोकाड पसरायची. आता ती नोकरीला लागली होती आणि वेगळी राहत होती.

धाकटी डबिंग करायची. हाताला काम नव्हतं तेव्हा तिने ‘फक्त प्रौढांसाठी’ असलेल्या चित्रपटांना आवाज दिला. त्याच काळात थोरली त्या चित्रपटांच्या पोस्टरांना काळं फासत होती. एका सभेत ती बोलायला उभी राहिली आणि तिच्या पहिल्याच वाक्याला मागच्या रांगेतून कुणीतरी कण्हलं. पोरं खिदळली. "अरे, ही तर तीच," एक जण म्हणाला. थोरलीने भाषण पूर्ण केलं. त्या दिवसापासून बहिणी एकमेकींशी बोलल्या त्या फक्त आईच्या आजारपणात, तेही डॉक्टरांसमोर.

"मॅडम, लेव्हल द्या," रेकॉर्डिस्ट म्हणाला. तो दोघींनाही मॅडम म्हणायचा आणि तेही मान वर न करता, त्यामुळे कुणाशी बोलतोय याचा घोळ व्हायचा.

आवाजाची पातळी जुळवायला धाकटी माइकजवळ आली. "लेव्हल, लेव्हल. सकाळी चहा प्यायले, थंड होता. समोर माझी ताई बसलीय, तीही थंड आहे. चालेल?"

"थोडं मागे व्हा. हं. रेकॉर्डिंग सोडतो."

धाकटीने वाचायला सुरुवात केली. इच्छा ही शरीराची साधी गोष्ट आहे, तिची लाज वाटू देऊ नका, इथपर्यंत नीट गेलं. पुढचं वाक्य होतं: निरोगी वातावरणात वाढलेल्या स्त्रीच्या मनात विकृत कल्पना येत नाहीत. धाकटी थांबली, तिने कागदावरची नजर काढली आणि त्याच सुरात पुढे बोलली, "मनात येणारं प्रत्येक चित्र म्हणजे मागणी नसते. ते आलं म्हणून तुमच्यात काही बिघडलेलं नाही."

थोरलीने बटण दाबलं. "हे कागदावर नाही."

"कागदावर आहे ते खोटं आहे."

"तो कागद मी लिहिलाय."

"म्हणून तर जपून सांगतेय."

रेकॉर्डिस्टने स्क्रीनवरची एक रेघ सरकवली आणि होती तिथे परत आणून ठेवली.

"तुला हे वाक्य गोड वाटतंय," थोरली म्हणाली. "मला त्याचा पुढचा प्रवास माहीत आहे. बाईच्या मनात काहीबाही येतं, असं आम्ही लिहून दिलं की पहिला टाळ्या पिटणारा कोण असेल? कोर्टात उभा राहून सांगेल, बघा, बायकांची संघटनाच म्हणतेय, हिला मनातून हवंच होतं. अशा खटल्यांत मी मुलींच्या शेजारी बसलेय. तू कुठे होतीस?"

"इथेच. याच खोलीत."

"माहीत आहे काय करत होतीस."

"नाही माहीत. तू पोस्टरं पाहिलीस, आत कधी आली नाहीस." धाकटीने हेडफोन एका कानावरून सरकवला. "दिग्दर्शक याच काचेमागे बसायचा, तुझ्याच खुर्चीवर. सांगायचा, दुखतंय असं वाटू दे, पण थांबव असं वाटायला नको. मी एका हातात केळं धरून उभी असायची, कारण जेवायला सोडायचे नाहीत. त्या आवाजात माझं काही नव्हतं, ताई. एकदा मी मधेच ‘थांब’ म्हटलं, माझ्या मनाने. त्याने कापलं."

"आणि दुसऱ्या दिवशी तू परत आलीस."

धाकटीने हेडफोन पुन्हा कानावर ओढला.

"कापलेला ‘थांब’ कुणी ऐकला नाही," थोरली म्हणाली. "उरलेलं गावभर ऐकलं. दुखणं म्हणजेच होकार, हे पोरांना कुणी शिकवलं? तू. माझ्या आवाजात."

"आणि मुलींना कुणी शिकवलं? तू. चांगल्या बाईच्या डोक्यात संध्याकाळच्या भाजीपलीकडे काही येतच नाही, हे. तुझ्या पत्रकांतली बाई वाचून मला वाटायचं, हिला कुणी इस्त्री केलीय का." धाकटीचा आवाज चढला तसा रेकॉर्डिस्टने मुकाट्याने एक खटका खाली ओढला. "ज्या गोष्टीची मला प्रत्यक्षात किळस येते, तीच डोळे मिटल्यावर समोर यायची. माझ्या मनातलं माझंच असतं, तिथे दिग्दर्शक मी असते, हवं तेव्हा दिवा लावते. हे मला कुणीतरी विशीत सांगायला हवं होतं. ना त्या चित्रपटांनी सांगितलं, ना तू."

"तुझं आत्मचरित्र नको आहे. कागदावरचं वाक्य वाच."

"वाचणार नाही. ते घालायचं असेल तर माझा आवाज सगळ्याच भागांतून काढून टाक."

थोरलीने रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. चित्रफीत पुढच्या आठवड्यात कॉलेजांत जायची होती. सगळे भाग पुन्हा करायचे म्हणजे हे वर्ष हातचं गेलं, हे त्याच्या पाठीवरूनही कळत होतं.

"एका वाक्यासाठी?" थोरली म्हणाली. "कुणाला अडलंय एवढं? आमच्या मेळाव्यांना शेकडो मुली येतात. एकीने कधी विचारलं नाही."

"तुला कोण विचारेल? तू उत्तर आधीच छापून ठेवतेस." धाकटी आता भरभर बोलत होती. "माझ्याकडे आली होती एक. चांगली शिकलेली, कमावती. मित्र आहे, तोही बरा आहे. पण डोक्यात येतं ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून त्याच्याजवळ जायचीच भीती बसलीय. माझ्यासमोर बसून विचारते, मी बिघडलेय का?"

बोलून झालं आणि धाकटीने ओठ मिटले. आपण जास्त बोललो हे तिला कळलं होतं.

थोरलीच्या मुलीला लहानपणी ताप आला की ती ‘मला ताप आलाय’ म्हणायची नाही. घरातला रेडिओ बंद पडला की सगळे ‘बिघडला’ म्हणायचे, म्हणून तीही बिघडायची. शाळेतून येऊन दप्तर टाकायची आणि सांगायची, आई, मी बिघडलेय. मोठी झाल्यावरही फोनवर तसंच म्हणायची. हे घराबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

थोरलीचं बोट बटणावरच होतं. ती ते दाबून बसली होती, आणि पलीकडे हेडफोनमध्ये तिचा श्वास ऐकू जात होता.

"कोण होती?" तिने विचारलं.

धाकटी माइकचा स्टँड उगाच घट्ट करू लागली. "होती एक. सांगणार नाही असं कबूल केलंय."

थोरली उठली. जाड दार ओढून ती आत गेली आणि म्हणाली, "बाहेर हो."

हकालपट्टी झाली असं समजून धाकटीने पर्स उचलली. पण थोरलीने हेडफोन कानांवर चढवला आणि माइकसमोर उभी राहिली. स्टँड खालीवर करावा लागला नाही. धाकटी काचेअलीकडे आली आणि रिकाम्या खुर्चीत बसली.

"सोडतो," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"मनात येणारं प्रत्येक चित्र म्हणजे मागणी नसते," थोरली म्हणाली. "ते आलं म्हणून..."

धाकटीने बटण दाबलं. "सभा नाहीये ताई. शेवटच्या रांगेला ऐकू जायची गरज नाही."

थोरलीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की धाकटीचं बोट आपोआप उचललं गेलं. मग तिने पुन्हा म्हटलं, हळू. "मनात येणारं प्रत्येक चित्र म्हणजे मागणी नसते. ते आलं म्हणून तुमच्यात काही बिघडलेलं नाही." ती थांबली नाही. "आणि हे वाक्य धरून कुणी म्हणालं की तुला मनातून हवंच होतं, तर तो खोटं बोलतोय. तसं त्याला तोंडावर सांगा."

"हे कागदावर नाही," धाकटी बटण दाबून म्हणाली.

"तुझंही नव्हतं."

रेकॉर्डिस्टने दोन्ही तुकडे जोडून लावून पाहिले. पहिल्यांदाच त्याने मान वर केली. "जोड अजिबात कळत नाही. कुणालाच कळणार नाही."

"एकीला कळेल," थोरली म्हणाली.

ती बाहेर आली. त्या अरुंद खोलीत दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, मध्ये काच नव्हती.

"तिने माझ्याकडे यायला हवं होतं," थोरली म्हणाली.

"आली असती तर तू पत्रक हातात दिलं असतंस."

"आणि तू काय दिलंस?"

"काही नाही. ऐकून घेतलं."

"मुलं नसली की ऐकायला भरपूर वेळ मिळतो."

हे लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. धाकटीने पर्सचा बंद खांद्यावर नीट केला आणि पर्स पुन्हा टेबलावर ठेवली. अजून निम्मा भाग व्हायचा होता.

"श्रेयनामावलीत तुझं नाव जाणार नाही," थोरली म्हणाली.

"आधीच्या सिनेमांतही नव्हतं. सवय आहे."

धाकटी आत गेली. दार लागलं. थोरली निघाली नाही. धाकटीने सोडलेली खुर्ची तिने पुढे ओढली, कागदावर पुढच्या वाक्याशी बोट नेलं आणि दुसऱ्या हाताचं बोट लाल बटणावर ठेवलं.

"मॅडम, लेव्हल द्या," रेकॉर्डिस्ट म्हणाला.