आखूड झालेली फुफ्फुसं

राडोस्टिनाने माउसचं चाक एक खटका पुढे फिरवलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला. एकचाळीस. आणखी एक खटका. बेचाळीस. आणखी एक. त्रेचाळीस. कुणा अनोळखी माणसाच्या छातीचा स्कॅन काप-काप करत खाली सरकत होता आणि चाकात कसलीही खोट दिसत नव्हती.

"झालं का समाधान?" विभागप्रमुख डॉक्टर ग्रोझदानोव्हा दारात उभ्या होत्या. "बारा वाजता चौकशी समिती बसतेय. चाक ठीक आहे असं तुमच्या कंपनीचं पत्र मला त्याआधी हवंय."

"थोडा वेळ द्या."

"कितीही वेळ दिला तरी तेच निघणार आहे. मलाही वाटत होतं हो, चाकातच काहीतरी निघावं. मी डॉक्टर केहायोव्हांच्याच हाताखाली शिकलेय." एवढं बोलून त्या वळल्या आणि भराभर निघून गेल्या.

जानेवारीत या रुग्णालयाने जुने संगणक मोडीत काढले होते. आता डॉक्टरांपुढे नुसता पडदा, कळफलक आणि माउस. खरा संगणक तळघरात, तोही एका मोठ्या संगणकाच्या पोटात चालणारा, आभासी. इथे बोटाने चाक फिरवलं की ते त्या आतल्या संगणकाला कळवावं लागतं. हा निरोप पोचवणारा छोटासा प्रोग्रॅम राडोस्टिनाने लिहिला होता. राजधानी सोफियातल्या कंपनीत नऊ वर्षं ती हेच करत होती आणि आपल्या कामात चूक निघत नाही याचा तिला चांगलाच ताठा होता.

फेब्रुवारीत डॉक्टर केहायोव्हनी एका बेकरीवाल्या बाईचा स्कॅन वाचून 'दोष नाही' असं लिहून दिलं. महिन्याभरात दुसऱ्या गावातल्या डॉक्टरने तोच स्कॅन पाहिला आणि एकाच चित्रात मसुराएवढी गाठ दाखवली. माणूस आहे, चुकतो, असं म्हणून एखाद्या वेळी निभावलंही असतं. पण सदुसष्ट वर्षांचे केहायोव्ह त्याआधीच विभागाच्या बैठकीत म्हणाले होते, "जानेवारीपासून लोकांची फुफ्फुसं आखूड झालीत." सगळे आधी हसले होते आणि मग कुणी कुणाकडे पाहिलं नव्हतं.

राडोस्टिना शेजारच्या खोलीत गेली. केहायोव्ह टेबलाशी बसून कागदावर काहीतरी लिहीत होते. मार्च लागला की तब्येतीसाठी बांधतात तो लाल-पांढरा दोरा मनगटावर होता, कुणा पेशंटने बांधलेला. तिला पाहून त्यांनी कागद उलटा ठेवला. आठवडाभर त्यांना स्कॅन वाचायला दिले नव्हते.

"डॉक्टर, आखूड म्हणजे नेमकं काय म्हणालात तुम्ही?"

"सोड गं पोरी. म्हाताऱ्याची बडबड."

"तुमच्या बडबडीसाठी मी पाच तास बसमध्ये बसून आलेय. सांगा की."

त्यांना किंचित हसू आलं. "मी कोपऱ्यातला आकडा बघत नाही. फुफ्फुस बघतो. पण बोट मोजत असतं, जुनी खोड. वरपासून तळापर्यंत साठ-पासष्ट खटके. तीस वर्षांत फरक नाही. जानेवारीपासून मात्र पन्नासच्या आतच तळ लागतो." ते थांबले. "चष्मा बदलून पाहिला. डोकं चालतंय का बघायला रोज दाढी करताना शंभरातून सात-सात वजा करत खाली येतो. अजून चुकलो नाही. पण एक दिवस चुकणार, त्याचीच वाट बघतोय. बायकोला काही बोललो नाही."

"एकदा फिरवून दाखवता? नेहमी फिरवता तसं."

त्यांनी चाकावर बोट ठेवलं आणि ते बोट धावायला लागलं. कुठे अडलं नाही, थांबलं नाही. राडोस्टिनाने आकड्याकडे पाहायचं टाळलं आणि कान देऊन खटके मोजले. शेचाळीस. मग तिने कोपऱ्यात पाहिलं. चौसष्ट.

डिसेंबरात तिने तीन दिवस याच चाकाची तपासणी केली होती. एक खटका, आकडा, एक खटका, आकडा. तपासणारा सोडला तर जगात कुणीही चाक असं फिरवत नाही. हे नवं चाक एकेका खटक्याचे बारीक तुकडे करून पाठवतं. शेवटी उरलेला तुकडा तिचा प्रोग्रॅम बाजूला ठेवायचा आणि बोट थांबलं की पुसून टाकायचा. बोट थांबलंच नाही, तर तो तुकडा पुढच्या खटक्यांना चिकटत जायचा आणि आत मधूनच एकाऐवजी दोन पोचायचे. मधलं चित्र पडद्यावर उमटायचंच नाही. प्रोग्रॅममधली ती ओळ तिला पाठ होती. लिहिली त्या दिवशी ती स्वतःवर खूश झाली होती.

खिशातला फोन थरथरला. ती बाहेर व्हरांड्यात गेली.

"राडी, पत्र गेलं का?" तिचा साहेब कालोयान विचारत होता.

"एकेक खटका फिरवला तर बरोबर चालतंय."

"मग तेवढंच लिही ना. 'एकेक खटका तपासला, बरोबर आढळला.' खोटं काय आहे त्यात?"

"काही नाही."

"मग?"

त्यात खरंच काही खोटं नव्हतं. पलीकडे कालोयान हॅलो-हॅलो करत राहिला. तिने फोन बंद केला आणि ती आत आली.

"डॉक्टर, तुमचं डोकं ठणठणीत आहे. चाक चित्रं गाळतंय. चूक माझी आहे."

केहायोव्ह तिच्याकडे बघतच राहिले. मग मोठ्याने हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांनी उलटा ठेवलेला राजीनामा उचलला, त्याला चार घड्या घातल्या आणि कोटाच्या खिशात कोंबला. मग त्यांचं हसू एकदम ओसरलं.

"कधीपासून?"

"नऊ जानेवारीपासून. जे जे भराभर फिरवतात, त्या सगळ्यांना."

त्यांनी खण उघडून विभागाची यादी काढली आणि पानं उलटत गेले. त्यांचे ओठ हलत होते.

"नुसते छातीचेच स्कॅन दोनशे अकरा." त्यांनी यादी टेबलावर ठेवली. "माझंच डोकं गेलं असतं तर बरं होतं गं."

बाराला पाच कमी असताना ग्रोझदानोव्हा आल्या. "चला सर, सगळे बसलेत. पत्र कुठंय?"

"नेव्हेना, तू चाक कसं फिरवतेस?" केहायोव्हनी ग्रोझदानोव्हांना विचारलं.

"हे काय मध्येच? तुम्ही शिकवलंत तसंच. बोट थांबवायचं नाही."

राडोस्टिनाने त्यांना सगळं सांगितलं, त्या ओळीसकट. ग्रोझदानोव्हांनी ओठ घट्ट मिटले. ऐकता ऐकता त्यांची नजर यादीवर गेली आणि तिथेच खिळली. बऱ्याच नावांपुढे त्यांची सही होती. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून समितीला कळवलं की आज बैठक होणार नाही, कारण नंतर लेखी देऊ. मग खुर्ची ओढून त्या बसल्या.

"माझ्यापासून सुरुवात करू," केहायोव्ह म्हणाले.

"नको. माझ्यापासून," ग्रोझदानोव्हा म्हणाल्या.

चाकाला कुणीही हात लावला नाही. राडोस्टिनाने माउस बाजूला सारला आणि बाणाच्या बटणावर बोट ठेवलं. एकदा दाबलं की एकच चित्र.

पहिलं नाव पंचावन्न वर्षांच्या एका शाळामास्तरचं होतं. नऊ जानेवारी, सही ग्रोझदानोव्हांची, 'दोष नाही'. राडोस्टिना बटण दाबत गेली. दहा. अकरा. बारा. दोन्ही डॉक्टर पडद्याकडे झुकले होते. व्हरांड्यात कुणीतरी कॉफीच्या यंत्राला लाथ घातली आणि तिघंही दचकले.

"हळू," केहायोव्ह म्हणाले.

एकोणीस. वीस. एकवीस. बावीस.

"थांब," ग्रोझदानोव्हा म्हणाल्या. "एक मागे घे."