चांगुणाच्या उजव्या गुडघ्याची वाटी

मी एक जुनी वाटी आहे, मित्रांनो. अर्धापूरच्या चांगुणाच्या उजव्या गुडघ्याची. ती जन्मली तेव्हा मी हाडसुद्धा नव्हते, नुसती मऊ कूर्चा. ती धावू-पडू लागली, तशी मी टणक झाले. पाठीमागे तेवढं कूर्चेचं गुळगुळीत अस्तर राहिलं, म्हणून मी मांडीच्या हाडावरून अलगद सरकायचे.

तीस वर्षं चांगुणाने केळीचे घड डोक्यावर वाहिले, शेतातल्या चिखलातून थेट ट्रकपर्यंत. मी तिला एकदाही पडू दिलं नाही! दर बुद्धपौर्णिमेला विहारात पहिल्या रांगेत गुडघे टेकून वंदना तीच सुरू करायची. गार फरशीला पहिला स्पर्श माझा.

मग अस्तर झिजलं. पायरी चढताना मी करकरू लागले. शेजारच्या विठाबाई म्हणाल्या, "चांगुणा, औंदा खालूनच हात जोड. विहाराला अकरा पायऱ्या हायत." त्या दिवशी माझी चांगुणा जेवली नाही.

नांदेडच्या डॉक्टरांनी तपासलं. "झिजलेलं पहिल्यासारखं होत नाही. पण मांडी बळकट केली तर वाटी नीट सरकेल, दुखणं उतरेल. गुडघे मात्र टेकायचे नाहीत." व्यायाम शिकवला तिथल्या दामिनीताईंनी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि दहा मोजेपर्यंत दाबून धरायची.

महिना गेला, फरक काही नाही. "करून दाखवा बरं," दामिनीताई म्हणाल्या.

"एकदोनतीनचारपाचसासातआठनवदहा! झालं."

"आजी, ट्रक भरून राहिल्या का?"

"मंग? घड असेच मोजते की मी!"

सोबत आलेली नात लुंबिनी खुदकन हसली. "आज्जी, मोजूच नको. त्रिसरण म्हण. विहारात म्हणतीस तसं, सावकाश."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ त्रिसरण आणि टॉवेल. दोन महिन्यांत मांडी भरली, माझी करकर कमी झाली.

पौर्णिमेला आम्ही अकराही पायऱ्या चढलो, कठड्याला हात न लावता! वर जाऊन चांगुणा सवयीने वाकली. मी फरशीकडे निघालेच होते, तेवढ्यात ती थबकली. लुंबिनीने खुर्ची सरकवली. विठाबाई बघतच राहिल्या. चांगुणा ऐटीत बसली, माझ्यावरून हात फिरवला आणि खणखणीत आवाजात वंदना सुरू केली. मागून सगळा विहार.

मित्रांनो, तुमच्याही घरात उठताना गुडघा धरणारं कुणी असेल. त्यांना "बसून राहा" म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या. मग टॉवेल गुंडाळून द्या, आणि शेजारी बसून त्यांच्या आवडीची प्रार्थना त्यांच्यासोबत सावकाश म्हणू लागा.