सुन्नेवाची लाट

सुन्नेवाने ओटा आणि फ्रिजच्या मधल्या खाचेत कंबर घट्ट रुतवली आणि मगच केकला सुरी लावली. असं अडकून उभं राहिलं की फरशी जरा कमी हलायची. एक तुकडा ताटलीत गेला, दुसरा गेला. या स्वयंपाकघराबाहेर, गावाच्या हॉलमध्ये, तिच्या नणंदेच्या लग्नाचं जेवण उरकत आलं होतं. बाकं भिंतीकडे सरकवल्याचे आवाज येत होते. बाकं सरकली की नाच, आणि नाच म्हटलं की हल्ली सुन्नेवा आतलं काहीतरी काम शोधायची.

"सुरी दे इकडे," तिची सासू ओलाविना मागून येऊन म्हणाली. "बोट कापून घेशील आणि म्हणशील, फरशीनेच कापलं."

भांडी पुसणाऱ्या दोघीजणी हसल्या. सुन्नेवाही हसली. लोक हसले की आपणही हसायचं, म्हणजे विषय लवकर मिटतो, एवढं ती वर्षभरात शिकली होती.

तिला लाट यायची. हे नाव गावानेच ठेवलेलं. खाडीत नांगरलेल्या होडीत उभं राहावं तसं पायाखालचं सावकाश वर यायचं, जरासं थांबायचं आणि खाली जायचं. दुकानात, चर्चमध्ये, न्हाणीघरात, कुठेही. ती पडली मात्र कधीच नव्हती. दर वेळी हाताला काहीतरी लागायचं, कठडा म्हणा, खुर्चीची पाठ म्हणा, आणि बोटं पांढरी पडेपर्यंत ती ते धरून राहायची. माशांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर सुरी घेऊन उभं राहण्याचं काम तिला सोडावं लागलं. राजधानी तोर्शहाव्नच्या इस्पितळात कान तपासले, डोकं तपासलं. मग कोपनहेगनला पाठवलं, तिथे पुन्हा सगळं तपासलं. सगळं स्वच्छ. एखादी लहानशी गाठ निघाली असती तर बरं झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं, आणि त्या विचाराची तिला लाज वाटली होती.

शेवटच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून शांतपणे सांगितलं होतं, की तुला होतं ते खरंच होतं, त्यात सोंग नाही. पण ते कानातून येत नाही. कधीकधी माणूस फार घाबरलेलं असतं आणि ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. मग शरीर बोलायला लागतं.

सुन्नेवाने हे फक्त नवऱ्याला, हेरीला सांगितलं. हेरीने आईला सांगितलं. आता ओलाविनाला सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं. आठवड्याभरात गावभर झालं, की सुन्नेवाला काही म्हणजे काहीही झालेलं नाही, आणि तसं खुद्द कोपनहेगननेच म्हटलंय.

बरं, थट्टा तिने सोसली असती. सोसवत नव्हतं ते हेरीचं. मिसरूड फुटल्यापासून तो डानयलच्या मासेमारी बोटीवर होता. महिना-दोन महिने समुद्रावर, मग पंधरा दिवस घरी, असं त्याचं चालायचं. मागच्या वर्षी वसंतात वादळात त्यांच्या बोटीवरचा त्रोंडुर नावाचा माणूस डेकवरून वाहून गेला. हेरी त्याच्या शेजारीच उभा होता. घरी आल्यावर त्याने एकदाच, दोन वाक्यांत ते सांगितलं आणि बशीतला बटाटा सोलायला घेतला. त्याच महिन्यात सुन्नेवाची लाट सुरू झाली. मग हेरी म्हणाला, तुला अशी टाकून मी जाणार नाही. खाडीत सामन मासे पाळतात तिथे खाद्य टाकायचं काम त्याने धरलं. सकाळी जायचा, संध्याकाळी घरी. बोटीवरचे जुने सोबती विचारायचे, काय रे, कोंबड्यांनी दाणे टिपले का आज? आणि बायका म्हणायच्या, चांगल्या दर्यावर्दी माणसाला बायकोने चुलीशी बांधून घातलाय.

हेरी कोणाला उलटून बोलायचा नाही. रोज संध्याकाळी दारातच, बूट काढायच्या आधी, तेवढा एक प्रश्न विचारायचा. "आज होती का?" ती हो म्हणाली, की खाली बसून बुटाचे बंद सोडायला लागायचा. वर्षात दोनच दिवस असे गेले, की ती आनंदाने नाही म्हणाली होती. त्या दोन्ही दिवशी तो बूट न काढता तसाच उभा राहिला आणि मेंढ्या बघून येतो म्हणून पुन्हा बाहेर गेला. जेवण झाल्यावर खिडकीशी उभा तो बंदराकडे बघत राहायचा. ती पाठमोरी आकृती बघून सुन्नेवा भांडी आवाज न करता मांडायची. तिला वाटायचं, आपण याच्या पायातली बेडी आहोत.

डानयल कप्तान भला माणूस. त्याने हेरीची जागा वर्षभर कशीबशी राखून ठेवली होती. पण मंगळवारी बोट ग्रीनलंडच्या बाजूला निघत होती, आणि आज लग्नातच काय ते हो किंवा नाही सांग, असं त्याने हेरीला बजावलं होतं. हेरी म्हणाला होता, सुन्नेवाचं बघून सांगतो.

सुन्नेवाचं बघून. ते दोन शब्द सकाळपासून तिच्या छातीवर बसले होते.

हॉलमध्ये कोणीतरी एका जुन्या राजावरच्या गाण्याची पहिली ओळ उचलली. फेरो बेटांवरच्या कुठल्याही लग्नात हे असंच सुरू होतं. ना वाद्य, ना वादक. एकाने गाणं सांगायचं, बाकीच्यांनी हातात हात धरून साखळी करायची, डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक, आणि तोंडाने धृपद. गाणं शंभराच्या वर कडव्यांचं. ते संपेपर्यंत साखळी तोडून बाहेर पडणं बरं दिसत नाही, त्यातून घरच्या माणसाने तर नाहीच.

"तू दारापाशी बाकावर बस," ओलाविना हात पुसत म्हणाली. "माझ्या लेकीच्या लग्नात तमाशा नको."

पण नवरी स्वतःच धावत आली. वहिनी नाही म्हणजे काय, म्हणत तिने सुन्नेवाला स्वयंपाकघरातून ओढत नेलं आणि हेरी नि ओलाविना यांच्या मध्ये घुसवलं. हेरीने तिचा हात धरला. दुसरा हात सासूने धरला, तोंड वाकडं करून, पण धरला.

सुन्नेवा लाटेची वाट पाहू लागली. धरायला ना कठडा, ना खुर्ची. दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे. आता येईल. दोन पावलं, एक पाऊल. दीडशे माणसांचे पाय एकदम पडत होते, लाकडी जमीन दणदणत होती. आज जमीन खरोखरीच हलत होती, आणि हलत होती ती सगळ्यांच्या पायाखालची. दहा कडवी झाली, वीस झाली. घाम आला, पण लाट आली नाही. तिच्या लक्षात आलं, की आपण गातोय. शेजारचे हात आपल्याला उचलत आहेत, खाली ठेवत आहेत, आणि आपण पडत नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"बघा, बघा," ओलाविना पलीकडच्या बाईला म्हणाली, हळू नाहीच. "नाचायला बरे चालतात हो पाय."

म्हणजे वर्षभर आजारी होती ते सोंग, आणि आज बरी झाली हा त्याचा पुरावा. सुन्नेवाला ते लागलं. पण आज लागलेलंही चालण्यासारखं होतं. खोटी तर खोटी, हेरी सुटेल. एवढं एक गाणं तडीला नेलं, की कोणी काही विचारायची गरजच उरणार नव्हती.

माणसं फार आणि हॉल लहान, म्हणून साखळी आपल्याच आत वळत जाते आणि समोरून जाणाऱ्यांची तोंडं अगदी नाकासमोर येतात. तसा डानयल समोर आला. लालबुंद, खुशीत. सुन्नेवाकडे त्याने नीट पाहून घेतलं.

"हेरी, अरे बायको तर ठणठणीत आहे तुझी! मग मंगळवारी ये, काय?"

"येतो की," हेरी हसून म्हणाला.

साखळी डानयलला घेऊन पुढे गेली. सुन्नेवाने मान वळवली. नवऱ्याच्या तोंडावरचा आनंद तिला बघायचा होता. वर्षभर ती त्या आनंदाची वाट पाहत होती.

आधी तिला त्याचा हात कळला. तो गार पडला होता आणि मासळीसारखा ओला झाला होता. बोटं तिच्या बोटांवर अशी आवळली होती, की हाडं दुखावीत. ही पकड तिच्या ओळखीची होती. दुकानातल्या कठड्यावर, चर्चच्या बाकावर, रोज ओट्याच्या कडेवर तिने हीच पकड धरली होती. हेरीचं पाऊल चुकलं. रांगायचं सोडल्यापासून या नाचात असलेल्या माणसाचं पाऊल चुकलं. तोंड गाण्याबरोबर उघडत-मिटत होतं, पण आवाज नव्हता. नजर डानयलच्या पाठीवर होती, आणि चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

आज होती का?

ती हो म्हणाली, की तो खाली बसून बुटाचे बंद सोडायचा. नाही म्हणाली, की बूट घालून उभाच राहायचा. रोजचं तिच्या डोळ्यांसमोरचं, आणि तिने त्याला काळजी असं नाव देऊन टाकलं होतं. खिडकीतूनही तो बोटीकडे आशेने बघत नव्हता. पाण्याकडे बघत होता.

बोटीवर न जाण्याचं याच्यापाशी सांगायला दुसरं कारणच नव्हतं. बायको आजारी आहे म्हणून घरी राहिलेल्या माणसाला लोक हसतात, तेवढंच. भीती वाटते म्हणून राहिलेल्या माणसाला या गावात जागा नाही, आणि तसं स्वतःच्या बायकोलाही सांगायला हेरीला जमलं नव्हतं. तिची लाट हीच काय ती त्याच्या पायाखालची जमीन होती.

दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे. किती हलकं वाटत होतं. वर्षभरानंतर अंग पुन्हा स्वतःचं झालं होतं, आणि ते असंच राहील असंही कुठेतरी आत वाटत होतं. उद्या कारखान्यात जाऊन विचारता आलं असतं. एकटीने डोंगरावर मेंढ्यांमागे जाता आलं असतं. साखळी पुन्हा वळली. डानयल परत समोर येत होता, त्याच्यामागे नवरी, त्यांच्यामागे अख्खं गाव.

डानयल अगदी समोर आला तेव्हा सुन्नेवाने गुडघे सोडून दिले.

ती चांगलीच आपटली. एका बाजूने हेरी ओढला गेला, दुसऱ्या बाजूने ओलाविना गुडघ्यावर आली, साखळी तुटली आणि गाणं तुकड्यातुकड्यांनी थांबलं. सुन्नेवाने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनी तिला ऐकू आलं, की सासू पाणी आणा म्हणून ओरडते आहे आणि तिचा आवाज कापतो आहे.

"पोरी, अगं पोरी, डोळे उघड," ओलाविना म्हणत होती. तिने आपल्या सणाच्या पोशाखावरची शाल काढून सुन्नेवाच्या डोक्याखाली सारली. "कशी पांढरी पडलीय बघा. आणि मी मेली काय काय बोलले हिला."

डानयल वाकला होता. त्याच्या श्वासाला दारूचा वास होता. "नाही रे बाबा," तो हेरीला म्हणाला, "अशा बाईला टाकून तू कसा येशील? मी बघतो दुसरा कोणीतरी. तू काही मनाला लावून घेऊ नकोस."

वर्षभर तिने खरं सांगितलं तेव्हा कोणाचा विश्वास बसला नव्हता. आज मात्र कोणालाच शंका आली नाही.

हेरीने तिला उचलून बाहेर आणलं आणि हॉलच्या भिंतीलगतच्या बाकावर बसवलं. जूनची संध्याकाळ, उजेड जायचं नाव घेत नव्हता. खाली बंदरात डानयलची बोट मुकाट उभी होती. आत जरा कुजबुज झाली, मग कोणीतरी गाणं सोडलं होतं तिथून पुन्हा उचललं आणि पाय पडू लागले.

हेरी तिच्यासमोर उभा होता. त्याने एकदा बोटीकडे पाहिलं.

"होती का?" त्याने विचारलं.

सुन्नेवाने त्याच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "मोठी होती."

त्याने मान हलवली. मग तो तिच्या शेजारी बसला, खाली वाकला आणि चांदीच्या बकलांचे लग्नातले बूट पायातून काढू लागला, आधी एक, मग दुसरा. दोन्ही बूट त्याने बाकाखाली सारले. तिने आपला हात त्याच्या पाठीवर ठेवला.

पायाखालची जमीन खडकासारखी घट्ट होती. ओलाविना पाण्याचा पेला दोन्ही हातांत जपून धरून दारातून बाहेर येताना दिसली, तसा सुन्नेवाने दुसरा हात लांब केला आणि भिंत धरली.